उपचारासाठी परदेशात जायचंय? आधी डायनिंग टेबलवर फाईल उघडा

आमचे मामा सात-आठ महिने गाडी चालवताना बुडाखाली उशी घेऊन बसायचे आणि आम्ही सगळे त्यांना हसायचो. कुणी म्हणालं सायटिका, कुणी म्हणालं मूळव्याध, सिंहगड रोडला एका फिजिओकडं तीसेक सिटिंग झाली, कमरेचा एमआरआय झाला तो पण नॉर्मल. नंतर कळलं की कमरेच्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्या चपट्या हाडाचा, खालचा भाग बरेचदा येतच नाही, आणि गाठ नेमकी तिथंच होती. निदान निघालं कॉर्डोमा. दहा लाखांत वर्षाला साधारण एखाद्याला होणारा, सावकाश वाढणारा, नेहमीच्या केमोला दाद न देणारा कॅन्सर. घरात पहिलं वाक्य कुठलं आलं असेल? "आपण जर्मनीला नेऊ."

शेवटी युरोपात नेलंच आम्ही, पण मधे चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत जे शिकलो ते सांगतो, कारण आता आठवड्याला एखादा फोन येतोच की अरे तू नेलं होतंस ना तिकडं, आमच्या काकूंना न्यायचंय, कुठलं हॉस्पिटल चांगलं. हा प्रश्न खरं तर सहावा-सातवा आहे. त्याच्या आधीचं सगळं काम पुण्यातच करायचं असतं.

पहिलं काम, आजाराचं पूर्ण नाव

"आईला कॅन्सर आहे", "बाबांचं हार्ट वीक आहे", "किडनीचा प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर कोणी परदेशात ईमेल टाकला तर उत्तर येणार नाही, आणि आलं तर ते सेल्सवाल्याचं येणार. कॅन्सर असेल तर कुठल्या अवयवाचा, बायोप्सीत पेशी कुठल्या प्रकारच्या निघाल्या, ग्रेड किती, स्टेज किती हे लागतं. ग्रेड आणि स्टेजमध्ये लोक फार घोळ घालतात. ग्रेड म्हणजे पेशी दिसायला किती बिघडलेल्या आहेत ते, स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठंवर पोचलाय ते. ब्रेस्ट कॅन्सर असेल तर ईआर, पीआर आणि हर टू (गाठीच्या पेशींवर ठराविक हार्मोनच्या आणि प्रथिनाच्या खुणा आहेत का ते) हे तीन रिझल्ट माहीत पाहिजेतच, त्याशिवाय कुठल्याही देशातला डॉक्टर पुढं बोलणार नाही. हार्टचं असेल तर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्यात हृदय किती रक्त बाहेर ढकलतं ते, किती टक्के, कुठला व्हॉल्व्ह, अँजिओची सीडी आहे का. किडनीचं असेल तर नुसतं क्रिएटिनिन नको, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) किती आणि गेल्या दोन वर्षांत तो कसा घसरला ते.

डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, या ट्रीटमेंटनं आजार बरा होणारे, की आटोक्यात राहणारे, की नुसता त्रास कमी होणारे? आपल्याकडं हा प्रश्न कोणी विचारत नाही, पेशंटसमोर तर नाहीच, आणि डॉक्टरही ओपीडीच्या गर्दीत स्वतःहून सांगत नाहीत. पण तीस-चाळीस लाख कशासाठी घालतोय ते यावरच ठरतं. आम्ही मामींना आणि मामांना दोघांनाही समोर बसवून विचारलं, आधी जरा ऑकवर्ड झालं, पण नंतर मामांनीच वही काढून लिहून घेतलं.

वाचायचं असेल तर गुगलवर वरवर येईल ते नको. मेडलाइनप्लस, ब्रिटनच्या एनएचएसची वेबसाईट, कॅन्सरसाठी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पेशंटसाठीची पानं, दुर्मिळ आजारासाठी ऑर्फानेट, एवढं पुरे. आणि "मीडियन सर्व्हायव्हल तीन वर्षं" असं वाचलंत की रात्री दोनला रडत बसू नका, त्याचा अर्थ निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा पण होतो.

फाईल

अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड बॉक्स फाईल आणा. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, जुना खाली, नवा वर. एमआरआय, सीटी, पेटच्या फिल्मचा परदेशात काही उपयोग नाही, डायकॉम फॉरमॅटमधली, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल इमेजची, सीडी किंवा लिंक मागून घ्या, आणि घरी आल्यावर ती उघडते का बघा, आमच्या तीनातली एक सीडी चक्क रिकामी निघाली. हॉस्पिटल कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं स्पष्ट म्हटलंय, त्या नियमाचा उल्लेख अर्जात करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. भांडायची गरज पडत नाही.

मग सगळ्यात वर एकच पान, इंग्रजीत, टाईप केलेलं. वय, मुख्य त्रास कधी सुरू झाला, निदान, काय काय ट्रीटमेंट झाली तारखेसकट, चालू औषधं जेनेरिक नावानं (ब्रँडचं नाव तिकडं कोणाला कळत नाही), अॅलर्जी, शुगर-बीपी, पेशंट स्वतःचं स्वतः चालतो-फिरतो का. हे पान तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या. मामांच्या पानावर मी "लेफ्ट" चं "राईट" केलं होतं, डॉक्टरांनी पकडलं.

दुसरं काम, स्लाईड परत वाचून घेणं

कॅन्सर किंवा गाठीचा कुठलाही आजार असेल तर हे सोडूच नका, कारण पुढची सगळी इमारत त्या एका पॅथॉलॉजी रिपोर्टवर उभी असते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, त्यातून पातळ काप काढून काचेवर लावले की स्लाईड. लॅबमध्ये अर्ज केला की रिव्ह्यूसाठी मिळतात, कधी थोडं डिपॉझिट ठेवतात. ब्लॉक मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

आमच्या केसमध्ये पहिल्या रिपोर्टात कॉर्डोमा की कॉन्ड्रोसार्कोमा असा घोळ होता, मुंबईला टाटा मेमोरियलला स्लाईड दिल्यावर पेशींत ब्रॅकियुरी नावाचं प्रथिन आहे का ते खास रंग लावून बघितलं आणि मग पक्कं झालं. हे दोन आजार नावानं भावंडं वाटतात पण वेगळे आहेत. परळला जाणं शक्य नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी जोडलेली "नव्या" (Navya) या नावाची ऑनलाईन सेकंड ओपिनियनची सोय आहे, रिपोर्ट अपलोड करायचे आणि लेखी मत येतं.

आणि सेकंड ओपिनियन घेतलं तर आपले डॉक्टर चिडतील ही भीती काढून टाका. चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट स्वतः पत्र लिहून देतो. आमच्या पुण्यातल्या सर्जननीच सांगितलं की मी ऑपरेशन करू शकतो पण या लेव्हलला गाठ काढली तर लघवी आणि संडासचा कंट्रोल जाईल, तेव्हा कार्बन आयनवाल्यांना (कार्बनच्या कणांनी रेडिएशन देणाऱ्यांना) आधी विचारा, आणि मुख्य म्हणजे तोपर्यंत पाठीत स्क्रू-रॉड काही बसवून घेऊ नका. का, तर धातूमुळं सीटीची इमेज खराब होते आणि त्या रेडिएशनचं प्लॅनिंग अवघड होऊन बसतं. "आधी इथं ऑपरेशन करू, मग बघू तिकडचं" असं ठरवलं असतं तर तिकडचं दार बंद झालं असतं किंवा अर्धवट तरी लागलं असतं. म्हणून परदेशाचा विचार करायचाच असेल तर पहिलं मोठं ऑपरेशन व्हायच्या आधी करा, नंतर नाही. (हार्ट अटॅक, पॅरालिसिसचा झटका, अॅपेंडिक्स वगैरेला हे लागू नाही, तिथं जवळचं हॉस्पिटल गाठायचं.)

तिसरं काम, एक वाक्य लिहा

वहीत लिहा: "आपण अमुक देशात जातोय कारण तिथं ______ आहे आणि भारतात नाही." रिकाम्या जागेत यंत्राचं, औषधाचं, ऑपरेशनचं किंवा ट्रायलचं नाव आलं पाहिजे. "चांगले डॉक्टर", "स्वच्छता", "तिकडं सिस्टीम आहे" असलं काही आलं तर तिकीट काढू नका.

हे वाक्य लिहायला बसलं की अर्ध्या लोकांचं जाणं रद्द होतं. प्रोटॉन थेरपीसाठी (प्रोटॉन कणांचं रेडिएशन) लोक अजून अमेरिकेची चौकशी करतात, ती चेन्नईला २०१९ पासून आहे आणि आता टाटाच्या खारघर सेंटरलाही आहे, म्हणजे एक्सप्रेसवे उतरलं की आलंच. कार टी सेल थेरपी, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडणं, २०१७ साली अमेरिकेत आली तेव्हा एका औषधाची किंमतच पावणेपाच लाख डॉलर होती, हॉस्पिटलचा खर्च वेगळा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार १९ ला आपल्याकडं ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि खर्च त्याच्या कितीतरी खाली आला. अर्थात ती ठराविक ब्लड कॅन्सरसाठीच आहे, प्रत्येक कॅन्सरला नाही. बायपास, गुडघे, लिव्हर ट्रान्सप्लांट, बोन मॅरो यासाठी तर बाहेरच्या देशातले लोक आपल्याकडं येतात.

मग खरंच नाही असं काय? आमच्यापुरतं उत्तर होतं कार्बन आयन. भारतात ते मशीन नाही. जगातच मोजकी सेंटर आहेत, जपानमध्ये चिबाला १९९४ पासून, जर्मनीत हायडेलबर्गला, इटलीत पावियाला, ऑस्ट्रियात वीनर नॉयश्टाटला वगैरे. दुसरी गोष्ट म्हणजे क्लिनिकल ट्रायल. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह वर आजाराचं नाव टाकून "रिक्रूटिंग" चा फिल्टर लावा, आणि त्याच्या शेजारी आपली सीटीआरआयची, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या नोंदणीची, साईट पण बघा, कधीकधी त्याच ट्रायलची शाखा भारतात चालू असते. ट्रायल म्हणजे प्रयोग, औषध फुकट असलं तरी महिनोन्महिने राहायचा खर्च तुमचा, हे धरून चाला.

कधी पेशंटनं जायची गरज नसते, औषध इकडं आणता येतं. भारतात न मिळणारं औषध स्वतःच्या वापरासाठी मागवायला फॉर्म १२ ए भरून अर्ज करायचा, परवाना १२ बी मध्ये मिळतो, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं. दुर्मिळ आजार असेल तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठराविक सेंटरमधून ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते, पुण्याला जवळचं म्हणजे मुंबईचं केईएम. आपलं रास्ता पेठेतलं केईएम वेगळं, त्यात घोळ करू नका, एक जण रास्ता पेठेत जाऊन परत आलेत.

आणि एक गोष्ट रागानं सांगतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, मणक्याची इजा यासाठी "स्टेम सेल पॅकेज, पाच दिवस, एअरपोर्ट पिकअपसहित" असल्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या वगैरे आजारांसाठी बोन मॅरोसारखं ट्रान्सप्लांट, बाकी सगळं ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. दुसऱ्या देशात जाऊन केलं म्हणून ते सिद्ध होत नाही. तसंच "किडनी मिळवून देतो" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा, तो सरळ गुन्ह्याचा धंदा आहे.

आता हॉस्पिटल

मोठ्या हॉस्पिटलांना इंटरनॅशनल पेशंट ऑफिस असतं, त्यांना थेट ईमेल करा. एजंट नको असं नाही, पण एजंटला बहुतेक वेळा हॉस्पिटलकडून कमिशन असतं, त्यामुळं तो तुम्हाला तुमच्या आजाराचं हॉस्पिटल दाखवेल की त्याच्या कमिशनचं, हे तुम्हीच ठरवा. आम्हाला एकानं "सगळं मी बघतो, फक्त पासपोर्ट पाठवा" म्हटलं, आजाराचं नाव सुद्धा विचारलं नाही.

जेसीआय अॅक्रेडिटेशन आहे का बघा, पण ते हॉस्पिटलच्या एकूण कारभाराचं सर्टिफिकेट असतं, तुमच्या आजाराचा अनुभव त्यातून कळत नाही. म्हणून सरळ विचारायचं, या आजाराचे वर्षाला किती पेशंट तुमच्याकडं होतात, केस ट्यूमर बोर्डापुढं (वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या एकत्र बैठकीपुढं) जाईल का, ट्रीटमेंट किती आठवडे, कॉम्प्लिकेशन झालं तर कुठं अॅडमिट करणार. आम्ही तीन ठिकाणी लिहिलं. एकानं नाही म्हणून कळवलं, गाठ आतड्याला फार चिकटलीय म्हणाले. एकानं आधी एक छोटं ऑपरेशन करून आतडं आणि गाठ यांच्यात अंतर ठेवणारा स्पेसर बसवायला सांगितलं. तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. नकार देणाऱ्या सेंटरचा मला उलट आदर वाटला.

पैसे

एस्टिमेट लेखी मागा आणि त्यात काय धरलं नाही ते विचारा. भूल, आयसीयू, इंप्लांट, दुभाषा, औषधं, पुढचे स्कॅन. बऱ्याच युरोपियन हॉस्पिटलांत पूर्ण एस्टिमेट आगाऊ भरावं लागतं आणि उरलेले पैसे फायनल बिलानंतर परत येतात, त्याला महिने लागू शकतात. एस्टिमेटवर किमान वीस-पंचवीस टक्के जास्त बाजूला ठेवा, त्यात युरो वाढला तर तेही.

बँकेतून पाठवायला एलआरएसची (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाची मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, उपचारासाठी हॉस्पिटलचं एस्टिमेट दाखवून त्याच्या वरही पाठवता येतात. फॉर्म ए टू वर उद्देश नीट लिहा, उपचारासाठी प्रवास, कारण टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ टॅक्स, त्यावर ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्याच्या वर उपचारासाठी पाच टक्के होता, २०२६ च्या बजेटमध्ये तो दोनवर आणला. उद्देशाच्या जागी "इतर" गेलं तर मात्र वीस टक्के कापले जातात. तो पैसा बुडत नाही, पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये मिळतो, पण ऐनवेळी हाताशी नसतो. पेशंट आणि सोबत्याचं तिकीट, राहणं हे पण उपचाराच्या खर्चात धरतात. ब्रांचमध्ये फॉरेक्सची माहिती असलेला माणूस कोण ते आधी शोधा, आमच्या ब्रांचमधल्या मुलीनं हा फॉर्म पहिल्यांदाच भरला होता.

पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात टाका. "आमचा अकाउंट नंबर बदललाय" असा ईमेल आला तर वेबसाईटवरच्या नंबरला फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

मेडिक्लेम? बहुतेक पॉलिसी भारतातल्याच उपचाराला असतात. परदेशातल्या प्लॅन्ड ट्रीटमेंटचं कव्हर वेगळं घेतलेलं असेल तरच, आणि त्यातही आजारांची यादी, वेटिंग पीरियड आणि आधी परवानगी असते. ट्रॅव्हल इन्शुरन्स तर ज्या कामासाठी चाललाय त्याचा खर्च देतच नाही.

व्हिसा

पासपोर्ट सहा महिन्यांत संपत असेल तर आधी मुंढव्याच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. सोबत जाणाऱ्याचाही बघा, सगळे पेशंटचाच बघतात. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) इकडच्या डॉक्टरचं पत्र, तिकडच्या हॉस्पिटलचं तारखांसकट पत्र, पैसे भरल्याचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, फी मोठ्या माणसाला ९० युरो. साधारण १५ दिवस म्हणतात पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. राहता येतं १८० दिवसांत ९०, तेवढ्यात ट्रीटमेंट बसते का मोजा. अमेरिकेला बी टू व्हिसा, त्यातही इकडच्या डॉक्टरचं निदानाचं पत्र आणि तिकडच्या डॉक्टरचं कालावधी आणि खर्चाचं पत्र. ब्रिटनला खासगी उपचारासाठी अकरा महिन्यांपर्यंतचा व्हिजिटर व्हिसा मिळतो.

प्रवास आणि तिकडचं राहणं

विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखा असतो, त्यामुळं हिमोग्लोबिन कमी असेल, फुप्फुस कमजोर असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर एअरलाईनचा मेडिफ फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. ऑक्सिजन लागणार असेल तर तिकिटाच्या आधीच बोला. मुंबईहून फ्लाईट असेल तर घाटातल्या ट्रॅफिकचा हिशोब धरून निघा, आणि पेशंटला बसणं जमत नसेल तर सरळ आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा, आम्ही तेच केलं. औषधं मूळ पॅकिंगमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. दुबईमार्गे जाणार असाल तर ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या पेनकिलरवर तिकडं कडक नियम आहेत, आधी परवानगीचं बघा.

मामींनी तुपाचा डबा आणि पेढे भरले होते, ते काढायला लावले. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणू देत नाहीत. मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ गेली. हॉटेल घेऊ नका, किचन असलेलं छोटं घर घ्या, चार आठवडे ब्रेड खाऊन पेशंट टिकत नाही.

एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. भारतातून आलेल्या पेशंटच्या नाकातून, गुदद्वारातून स्वॅब घेऊन अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू आहेत का ते तपासतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात, नर्स गाऊन-मास्क घालून येतात. मामांना वाटलं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. आधीच सांगून ठेवा.

निघण्याआधी बँकेच्या कामांसाठी घरातल्या कोणाच्या तरी नावानं पॉवर ऑफ अॅटर्नी करा. आणि अवघड असलं तरी, तिकडं काही बरंवाईट झालं तर काय, हे बोलून घ्या. इन्शुरन्समध्ये पार्थिव आणायचा खर्च आहे का बघा, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर सोबत्याच्या फोनमध्ये सेव्ह करा. हे बोललं की अपशकुन होतो असं मामींचं म्हणणं होतं, मामाच म्हणाले बोलून टाका.

परत आल्यावर

जायच्या आधीच इकडच्या डॉक्टरांना विचारा, परत आल्यावर फॉलोअप तुम्ही बघाल ना? काही जण नाही म्हणतात, तो त्यांचा हक्क आहे, पण ते आधी कळलेलं बरं. निघताना डिस्चार्ज समरी इंग्रजीत घ्या, रेडिएशन असेल तर डोस आणि प्लॅनचा डेटा घ्या, दिलेली औषधं भारतात कुठल्या नावानं मिळतात ते तिथंच विचारा.

आमचा पहिला एमआरआय सहा महिन्यांनी पुण्यात झाला आणि रिपोर्टात लिहून आलं की गाठ आहे तेवढीच आहे. मामी रडायलाच लागल्या. पण कॉर्डोमा रेडिएशननंतर पटकन आक्रसत नाही, वाढत नाहीये ना एवढंच बरीच वर्षं बघत राहायचं, हे त्या सेंटरनी पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि त्रिकास्थीला बारीक फ्रॅक्चर दिसू शकतं तेही. ते पत्र फाईलच्या तळाला गेलं होतं. आता त्याची झेरॉक्स फाईलच्या पहिल्या कप्प्यात आहे, आणि एमआरआयला जाताना एक प्रत रेडिओलॉजिस्टच्या हातात देतो, जुन्या स्कॅनच्या सीडीसकट.